मॅकला सोयरीक सांगावी लागते

अरे, तुम्ही ॲप बनवता, पण मॅकला सोयरीक सांगता का? मी आडत दुकानाच्या हिशेबाचं ॲप विंडोजवर बनवलं होतं. उदगीरच्या शिवाप्पाकाकांच्या दुकानात निघाला सुनेचा मॅक लॅपटॉप, म्हणून त्याच्यासाठी वेगळं तयार करून नेलं. माझं पहिलंच गिऱ्हाईक. काका हातात नारळ घेऊन उभे, अन् मॅक काही केल्या ॲप उघडू देईना!

"काय म्हणायलाय तो?" काकांनी विचारलं.

सून म्हणाली, "मामा, ॲप बनवणारा अनोळखी हाय म्हणतो."

"अनोळखी?" काका भडकले. मॅकपुढं वाकून त्यालाच म्हणाले, "अरे, चाकूरच्या बसवराजचा पोरगा हाय हा! आजोळ निलंग्याचं. ह्याची मावशी आमच्याच गल्लीत दिली हाय!"

तेवढ्यात मी बाजूनं हात घालून सेटिंगमध्ये परवानगी दिली. ॲप उघडलं. काकांनी खुशीत नारळ फोडला. "बघ, पटली त्याला ओळख!"

परवा लातूरला दुसऱ्या दुकानात मॅक तसाच अडला. काकांना गंमत म्हणून फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "थांब, फोन त्याच्या कानाला लाव."