हातचं काम

नंदुरबारच्या स्टँडवर नवापूरची बस यायची होती. बाकावर टेकलेल्या प्रमिलाबाईंच्या शेजारीच एका मावशीचं आणि तिच्या भाचीचं जुंपलं होतं. पोरीच्या पायाशी गच्च बांधलेलं पोतं होतं.

"काजल, रविवारले तुले देखाले पाहुणा येतीन. तू शिवणक्लास करस, अशे मी सांगेल शे."

"मावशी, मी ते पंखा-मोटार दुरुस्ती शिकस. ट्रेनिंग सेंटरनी माले सलाउद्दीनचाचाना दुकानवर धाडेल शे."

"ते त्यासले कसाले सांगानं? बिनबापनी पोर, त्यात तेल-वंगणमा हात काया. हाई तोरण धर. मन्ही पोर ममतानी करेल शे. मीच करं, अशे सांगजो."

"मी कधी सुई धरी नही, अन् तोरण मन्हं?"

"पोरना हातनं काम पाहुणासले दखाडनं पडस. रीत शे."

"मंग मन्हाच हातनं दखाडसू ना!"

"काय दखाडशी? वायर?"

"या पोतामा पंखा शे. जयीसन बंद पडेल व्हता, भंगारमा जाई ऱ्हायंता. आतली समदी तार मी नवी भरी. चाचानी हात बी लावा नही."

"पाहुणा उठी जातीन, काजल!"

बस लागली. मावशीने तोरण पुढे केलं. काजलने ते घेतलं नाही, पोत्याला हात घातला. प्रमिलाबाईंनी न विचारता पोत्याचा दुसरा कान धरला.

पोतं उचलता उचलता काजल मावशीला म्हणाली, "उनमा येतीन, घामघाम व्हतीन. हाऊच पंखा त्यासनासमोर लावसू. ज्याले मन्हा वारा आवडना नही, त्यानी खुशाल उठी जावं."