दोन चादरी म्हणजे परत फिरा

(अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांपैकी फायाल बेट. समुद्रावरच्या कड्यावर देवमासे हेरायची दगडी खोपी. सकाळ.)

एर्मिनिया: अहो, देवमासा दिसल्याचा बार उडवलात, चार होड्या सुटल्या, सगळं गाव धक्क्यावर नाचतंय. आणि तुम्ही असे काय बसलात, सुतकात बसल्यासारखे? ही घ्या मक्याची भाकरी.

एलिझेऊ: ठेव तिथं. अगं, जरा इकडं ये. ही दुर्बीण घे. फवारा दिसतो का तुला?

एर्मिनिया: मला? तेवीस वर्षांत हात लावू दिला नाहीत हिला!

एलिझेऊ: आज लाव म्हणतोय ना!

एर्मिनिया: दिसतो. चांगला उंच आहे. पांढरा.

एलिझेऊ: पुढं कलतो का?

एर्मिनिया: छे, सरळ वर. आणि एक कुठाय, तीन-चार आहेत की शेजारी शेजारी.

एलिझेऊ: देवमाशाचा फवारा पुढं कलतो. आणि श्वास घेऊन झाला की तो बुडी मारतो. हा अर्धा तास झाला, बुडीच मारत नाही.

एर्मिनिया: दमला असेल.

एलिझेऊ: मीही तेच म्हटलं! म्हटलं, म्हातारा असेल, दमेकरी असेल. बघ माझी अक्कल.

एर्मिनिया: अहो... तिथलं पाणी काळं होतंय. दगड उडतायत वर. अगंबाई! हलतंय, परत हलतंय!

एलिझेऊ: दारात ये, दारात! ...थांबलं. बारा दिवस जमीन हलतेय, बारा रात्री आपण अंगणात झोपतोय, आणि मी शहाणा समुद्रातून वाफ निघालेली बघून ओरडलो, ‘देवमासा!’

एर्मिनिया: म्हणजे समुद्र खालून फुटलाय? आणि भाऊजी भाला घेऊन त्याच्यावर चाललेत?

एलिझेऊ: सगळ्यात पुढं तोच आहे. माझा सख्खा भाऊ. अठ्ठावीस माणसं गं, मीच पाठवली. डोळ्यांना धुरकट दिसतं हे वर्षभर माहीत होतं मला. पण गेल्या महिन्यात समोरच्या पिको बेटावाल्यांनी आपल्या आधी मासा हेरला, आणि लौरेनु भर दुकानात म्हणाला, ‘दादा, तू आता कोंबड्या राख.’ तेव्हाच ठरवलं, यापुढं पहिला बार माझा. झाला की पहिला! ज्वालामुखीच्या शिकारीला अजून कुठलं गाव गेलं नसेल.

एर्मिनिया: स्वतःला शिव्या मग घाला. आधी परत बोलवा त्यांना!

एलिझेऊ: एक चादर पसरली की पुढं जा, दोन म्हणजे परत फिरा. एक आहे भिंतीवर. दुसरी...

एर्मिनिया: दुसरी कुठाय?

एलिझेऊ: अंगणात. आपण तंबू केला ना तिचा.

एर्मिनिया: आपण नाही, तुम्ही. मी म्हटलं होतं, कामाची चादर आहे.

एलिझेऊ: हो बाई, तेही मीच केलं! खाली जाऊन यायला पाऊण तास लागेल. तोवर—

एर्मिनिया: तोंड फिरवा तिकडं.

एलिझेऊ: काय करतेस?

एर्मिनिया: परकर सोडतेय. लग्नातला आहे, घेर मोठा आहे. बघत काय बसलात, धरा ते टोक! दगड ठेवा त्याच्यावर.

एलिझेऊ: ठेवला. फिरल्या का? सांग ना!

एर्मिनिया: एक फिरली. दुसरीही. तिसरी... तीही वळतेय.

एलिझेऊ: आणि लौरेनु?

एर्मिनिया: नाही. ते तसेच उभे आहेत, भाला घेऊन.

एलिझेऊ: अरे गाढवा, फीर! देवा, माझे दोन्ही डोळे ने, नाहीतरी काय कामाचे राहिलेत, पण त्याला मागं फिरव.

एर्मिनिया: गप्प बसा जरा. दुर्बीण लावलीय त्यांनी. इकडंच बघतायत... फिरले! फिरले हो! जीव खाऊन वल्ही मारतायत.

एलिझेऊ: नक्की?

एर्मिनिया: नक्की. बसा खाली.

* * *

लौरेनु: दादा! बाहेर ये. कडा चढून दम लागलाय, तुला मारायची ताकद उरलेली नाही.

एलिझेऊ: मार रे, मार. हे डोक्यात काय तुझ्या?

लौरेनु: राख. पाणी असलं कढत होतं, की उकडलेले मासे वर तरंगत होते. अजून थोडे पुढं गेलो असतो तर आमचंही कालवण झालं असतं.

एर्मिनिया: मग सगळे फिरले, तुम्हालाच काय झालं होतं, भाऊजी?

लौरेनु: वहिनी, खरं सांगू? दुसरी चादर दिसली आणि म्हटलं, झालं, दादाला आता ‘पुढं जा’ आणि ‘परत फिरा’ यातलाही फरक कळेना.

एलिझेऊ: मग?

लौरेनु: मग दुर्बीण लावली. बघतो तर एका चादरीला नाडी आणि लेस! म्हटलं, दादा चुकेल, पण वहिनी उगाच परकर सोडायच्या नाहीत.

एर्मिनिया: बाई गं! सगळ्यांनी पाहिला?

लौरेनु: अठ्ठावीस जणांनी. धक्क्यावर आल्यावर टोप्या काढल्या सगळ्यांनी, कड्याकडं बघून.

एलिझेऊ: लौरेनु, तू दुकानात बोललास ते खरं होतं. मला दिसत नाही रे.

लौरेनु: माहीत होतं. सरळ विचारायला जीभ रेटली नाही, म्हणून चेष्टा केली. माझंही चुकलंच. पण आता या खोपीत बसणार कोण?

एलिझेऊ: ही बसेल. बघायचं हिनं. बार मी उडवीन, ही म्हणाली की.

एर्मिनिया: ते उद्याचं उद्या. आधी माझा परकर आणून द्या. मी काय अशीच गावात उतरू?

एलिझेऊ: आणतो. ...एर्मिनिया, दोन्हींतला तुझा कुठला गं?

एर्मिनिया: डावीकडचा. थांबा, हात द्या. पुढं कडा आहे.