उतार आमच्या गेटकडे

...नाही, आधी रस्ता केला आणि मग गटारासाठी फोडला, की आधी गटार खणलं आणि मग वर रस्ता केला, हे मला आता नक्की आठवत नाही, कारण तुम्हाला सांगतो, मीरा रोडच्या आमच्या गल्लीत ही दोन्ही कामं इतक्यांदा झाली की कुणाचीही मती गुंग व्हावी! साल दोन हजार सहा असावं. का सात? सव्वीस जुलैच्या पुराच्या पुढचं वर्ष, म्हणजे सहाच... माझंच चुकत असेल, मी नाही म्हणत नाही!

तर रस्ता. जुना न खरवडता त्यावर नवा, नव्यावर आणखी नवा, अळूवडीच्या पानांसारखे थरावर थर! पूर्वी आम्ही पायऱ्या चढून बिल्डिंगमध्ये शिरायचो, आता उतरून शिरतो! आमचं घर तळमजल्यावर. मुद्दाम घेतलेलं. मृणालिनीचे, म्हणजे आमच्या हिचे, गुडघे गेलेले. जिना चढणं बंद. पाणी आत आलं तर हिला न्यायचं कुठे? खिडकीतून पूर्वी शेजाऱ्यांचे चेहरे दिसायचे, आता चपला! ही गवार मोडता मोडता म्हणते, "अहो, सेक्रेटरी गेले वाटतं. अंगठा शिवून आणलाय." हसताय काय!

आणि गटार! माझी डॉक्टरेट कशात आहे? पाणी कसं वाहतं, यात! जन्मभर तेच शिकवलं. सहज डोकावलो तर काय... खाडी तिकडे आणि उतार इकडे, सरळ आमच्या गेटकडे! धावत घरी आलो, पुस्तक उघडलं. म्हटलं, पाणी अजून उताराकडेच वाहतंय ना, की मी निवृत्त झाल्यावर काही बदललं? माझंच चुकत असेल, मी नाही म्हणत नाही!

मग गटारात खाडीच्या बाजूनं बादलीभर पाणी ओतलं, वर देवावरची जास्वंद सोडली आणि गेटशी येऊन उभा राहिलो. फूल डुलत डुलत माझ्या पायाशी हजर! कंत्राटदाराचे मुकादम ईश्वरभाई मावा चघळत बघत होते. "अरे अंकल, टेन्शन मत लो! पानी अपना रास्ता खुद ढूँढ लेता है!" आमचे सेक्रेटरी दत्ताराम म्हणतात, "सर, फुलाला वारा लागला असेल. सकाळची बीपीची गोळी घेतलीत ना?" आणि मी, तुम्हाला सांगतो, घरी जाऊन गोळी घेतली का ते बघून आलो!

मग गल्लीची मीटिंग. तिथे कळलं की प्रत्येक बिल्डिंगवाल्यानं ईश्वरभाईंना गाठून, चहा पाजून सांगितलंय, "आमच्या गेटसमोर पाणी नको हां, मच्छर होतात!" आणि त्या भल्या माणसानं एकाचंही मन मोडलेलं नाही! राहिलं कोण? आम्ही! आमच्या बिल्डिंगतर्फे बोलायला कोण? मी! उठलो, घसा साफ केला. म्हटलं, "मला वाटतं... कदाचित... उताराचा थोडासा पुनर्विचार..." तेवढ्यात बटाटेवडे आले.

पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आमच्या पलंगाखाली! ईश्वरभाई खोटं बोलले नव्हते, रस्ता ढूँढला होता पाण्यानं! हिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि दत्ताराम जिना चढतोय, तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्याच घरी. मी धापा टाकतोय आणि ही वरून विचारते, "अहो, उतार तुम्हाला आधी दिसला होता ना?"

"दिसला होता गं, पण म्हटलं माझंच चुकत असेल..."

"मी नाही म्हणत नाही!" ही म्हणाली. आणि पावसाळाभर दत्तारामांकडे राहिली. पुढच्या पावसाळ्यातही.

बऱ्याच वर्षांनी नवीन काम निघालं, गल्ली पुन्हा खणली. मी काठी टेकत गेलो, खड्ड्यात वाकून स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेतली. उतार आमच्याकडेच होता. माझं बरोबर होतं! दत्ताराम शेजारी उभे. म्हणतात, "काय सर! तेव्हा जरा जोरात बोलायचं ना!"

पण तेवढंच नाही हो. गटार आमच्या गेटशी येऊन संपत होतं. पुढे नाला नाही, पाइप नाही, काही नाही... भिंत! आडवी! आणि त्या भिंतीला आतून प्लॅस्टर केलेलं, गुळगुळीत, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं तिथे! पलीकडची माती अगदी कोरडी होती. अख्ख्या गल्लीत एवढं एकच काम ईश्वरभाईंनी चोख केलं होतं.