रोमिंगचा काटा

...नाही, पण मी म्हणतो, रोमिंग म्हणजे नेमकं काय हो? फोन आपला, नंबर आपला, बोलणारे आपणच, आणि केवळ विमानातून उतरलो म्हणून हे कंपनीवाले दामदुप्पट घेणार? वर "अमर्याद नेट" असं ठळक छापून मर्यादा खाली मुंगीच्या अक्षरात? तुम्हाला सांगतो, माझी अख्खी नोकरी दुकानांतले वजनकाटे तपासण्यात गेली. तराजूच्या बुडाला चिकटवलेलं लोहचुंबक मी दारातूनच ओळखायचो! मला काटा मारणारा अजून जन्माला यायचाय!

तर झालं काय, आमची लेक परदेशात, पहिलं बाळंतपण, तारीख दोन आठवडे पुढे, म्हणून आम्ही दोघं आरामात निघालेलो. मी आधीच सगळ्या कंपन्यांचे प्लॅन उभे-आडवे ताडून पाहिले. आणि बायको? ती भाजीला जाता जाता मोबाइलच्या दुकानात शिरली, "दादा, लेकीकडे चाललेय, तिकडे चालेल असं काय ते घालून द्या." काय ते घालून द्या! भाव विचारायचा नाही, काही नाही! मी म्हटलं, "अगं, लुटलं तुला!" तर म्हणते कशी, "असू दे हो, लागला फोन म्हणजे झालं."

मी घेतलं ई-सिम. हातात काही मिळत नाही बरं का, मेलवर ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन येतो, तो फोनमध्ये चढवायचा की नेट सुरू. तिच्यापेक्षा निम्म्यात! आणि मुंगीची अक्षरं वाचणारा मी, चढवल्या क्षणापासून मुदत सुरू होते हे मला ठाऊक. मग घरीच चढवून प्रवासाचा दिवस फुकट घालवू? उतरल्यावर चढवीन! मला काटा मारणारा...

निघताना लेकीचा फोन, "बाबा, पोटात जरा दुखतंय." तारखेला तर अजून दोन आठवडे! जावई म्हणाले, "काळजी करू नका, उतरलात की मेसेज करा, कुठे यायचं ते कळवतो." अख्ख्या विमानात मी डोळ्याला डोळा लावला नाही.

उतरलो. चष्मा पुसला, ऐटीत फोन काढला. सिम चढवायला गेलो तर फोन म्हणतो, आधी नेट जोडा. अरे, नेटसाठीच तर तुला चढवतोय! बरं, विमानतळाचं फुकट वायफाय होतं, ते म्हणालं, तुमच्या नंबरावर ओटीपी पाठवलाय. नंबर कुठला? आपला जुना! तो कुणी बंद करून ठेवलेला? मीच! रोमिंगचा एक पैसा लागू नये म्हणून! आता नेटला हवं नेट, वायफायला हवा नंबर, नंबर चालू करावा तर रोमिंग... आणि तिकडे माझी पोर कुठल्या दवाखान्यात कळा देतेय कुणास ठाऊक! म्हटलं, खड्ड्यात गेलं ते रोमिंग, करतो चालू...

तेवढ्यात शेजारी टिंग. टिंग टिंग टिंग! बायकोची पर्स वाजत होती. तिने नुसता फोन उघडला होता. बाकी काही नाही, नुसता उघडला! एका मेसेजमध्ये जावयांचा आवाज, "आई, मुलगी झाली! दोघी ठणठणीत आहेत!" ती रडायला लागली. मी... मी सामान मोजायला लागलो. मग ती डोळे पुसत म्हणते, "अहो, तुमचं ते ठिपक्यांचं चढवायचंय ना? घ्या माझं नेट." चढवलं! तिच्या नेटवर! पण निम्म्यात हं, विसरू नका!

पुढे काय? दवाखान्यात वायफाय, लेकीच्या घरी वायफाय, माझं नेट जसंच्या तसं पडून. परतीच्या दिवशी विमानतळावर बसलो, लेकीने व्हिडिओ कॉल लावला, नात जांभई देत होती, आणि मधेच चित्र गोठलं. नेट शिल्लक होतं हो, मुदत संपलेली! जांभई अर्धी राहिली! मी तडक समोरच्या काउंटरवर गेलो, फोन पुढे केला आणि म्हटलं, "काय ते घालून द्या."

भाव विचारला नाही.

मागून बायको म्हणाली, "काय हो, तुम्हाला काटा मारणारा अजून जन्माला यायचा होता ना?"

म्हटलं, आली जन्माला. सव्वातीन किलो भरली, दवाखान्याचा काटा मी स्वतः तपासलाय.