पाहुणीचं घर

दिंडोरीच्या गाडीच्या रांगेत ललिताच्या पुढं एक नवरा-बायको उभे होते. नवऱ्याच्या हातात रबरी पट्टीचं नवं वेटोळं होतं.

“मी माहेरी काय गेले, तुम्ही आपल्या मळ्यात उतरलेल्या पाहुणीचं घर धुवून मोकळे!”

“जीपला जोडलेलं चाकावरचं घर ते. पार धुळीनं भरलं व्हतं.”

“खिडक्या लावून ओल्या फडक्यानं पुसा, असं त्या गोऱ्या म्हातारीनं दाखवलं व्हतं ना?”

“व्हतं. म्हटलं, द्राक्षाच्या फवारणीचा पंप दारात असताना फडकं कशाला?”

“अहो, पण त्याचा जोर!”

“ट्रॅक्टर धुतोच की त्यानं.”

“ट्रॅक्टरमधी गादी असती का?”

“खिडकीचं रबर उडालं. पाणी आत. गादी, पुस्तकं, समदं भिजलं. अन् बघायला आख्खी वस्ती मीच गोळा केली व्हती.”

“म्हातारी ओरडली?”

“ओरडली असती तर बरं झालं असतं. त्याच ओल्या गादीवर मला बसवलं अन् चहा केला.”

“अन् तुम्ही?”

“पिलो.”

गाडी आली. बायकोला जागा मिळाली. ललितानं सरकून त्यालाही जागा केली.

“बसा ना, दादा.”

“नको, ताई,” तो म्हणाला. “कुणी मायेनं बसवलं की ती ओली गादी आठवती. उभाच बरा हाय.”