बेडकांचा जावई

हसू नकोस रे लेकरा, चहा सांडेल अंगावर. आधी तो घोट गिळ, मग ऐक. आत माणूस पडलाय. होय, माझ्याच झोपडीत, ह्या पडद्यामागे, चटईवर. गोरा माणूस. तापाने नुसता फणफणलाय — म्हणजे काल फणफणला होता, आज तर फणफणतही नाही, आज नुसता — अजून हसतोयस तू. दात आत घे. कुणी सांगितलं तुला माझ्याबद्दल? मागच्या नाक्यावर सांगितलं ना? की किदावा म्हातारीकडे चहा पी, कसाव्याच्या तळलेल्या फोडी खा, पण तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस. त्या सिमेंटच्या ट्रकवाल्याचं पण सांगितलं असेल. खरंय ते. मी त्याला म्हटलं, आत माझा नवरा गेलाय रे बाबा, खांदा द्यायला माणूस नाही. तो बिचारा चपला काढून, डोळे पुसत आत गेला, चादर बाजूला केली, तर खाली बोकड. आणि बोकडाने नेमकी त्याच्या तोंडावर शिंक दिली. हसले, गावभर हसले. पण तो बोकड कुठेय आता? तो बघ, तुझ्या ट्रकाच्या चाकाला शिंगं घासतोय. बोकड बाहेर आहे. मग आत कोण असेल, तूच सांग.

डोक्याकडे काय बघतोस माझ्या? ही टोपी? त्याचीच आहे. आता तर तुझी खात्रीच पटली असणार की म्हातारी सोंग घेऊन बसलीय. अरे, सकाळी घातली मी ही, त्याच्यासमोर, त्याची नक्कल करायला — अशी कमरेत वाकून, हातात जाळं, डोळे बारीक, एक पाय चिखलात अडकलेला. रोज करते. रोज पोट धरून हसतो, खोकला येईपर्यंत हसतो. आज डोळे उघडे होते, माझ्याकडेच होते, आणि हसला नाही. मग टोपी काढायची राहूनच गेली.

कोण म्हणजे? तिकडे नदीवर नवा पूल होतोय ना, तिथला आहे तो. लोखंड मोजतो, मजुरांवर ओरडतो, पगार घेतो. यारोमिर नाव. मी बेडकांचा जावई म्हणते. का म्हणजे — सुट्टी मिळाली की हा डबक्यात! नदीत नाही हं. नदीत हातभर मासा आहे, खायचा मासा, तिकडे हा ढुंकून बघत नाही. हा रस्त्याकडेच्या खड्ड्यात. जिथे गुरं पाणी पितात आणि तिथेच मुततात, तिथे हा गुडघाभर उभा. बोटाएवढा मासा धरतो, बरणीत सोडतो, बरणी उन्हाकडे धरतो, आणि मग त्याचं तोंड बघावं — जसं काही लग्नानंतर वीस वर्षांनी पोर झालंय. मासा देखणा आहे, खोटं कशाला बोलू. अंग निळं, शेपूट लालभडक, नवरदेव नुसता. पण आम्हाला त्याचं काय? पाऊस आला की डबकं, डबक्यात मासे. ऊन तापलं की डबकं गेलं, मासे गेले. आभाळातून पडतात म्हणायची माझी आई. हा म्हणतो, नाही बिबी — बिबी म्हणजे आजी, तेवढं शिकलाय आपल्या भाषेत — त्यांची अंडी चिखलात झोपतात. चिखल वाळतो, भेगा पडतात, वरून गुरं चालतात, तरी आत जीव धरून असतात आणि पुढच्या पावसाला उठतात. म्हणून हा चिखलही नेतो. पिशवीत भरून! मी म्हटलं, मेल्या, हत्तीचे दात चोरणारे बघितले, चिखल चोरणारा तू पहिलाच. त्याच्या देशात घरभर काचेच्या पेट्या आहेत म्हणे. बाहेर बर्फ पडतं आणि आत आमच्या खड्ड्यातले मासे पोहतात. बायको म्हणाली, घरात एक तर मासे राहतील नाहीतर मी. म्हटलं, मग कोण राहिलं? तर म्हणतो, मासे — हां, हसलास. मीही हसले होते. आज नको हसू. 

सुरुवातीला मी त्याला छळला फार. एकदा सांगितलं, त्या चिंचेपलीकडच्या डबक्यात केसाळ मासा आहे. गेला हा जाळं घेऊन पळत. तिथे बायका आंघोळीला बसलेल्या. ओल्या कपड्यांनी असा बडवला त्याला, असा बडवला — आणि हा मार खाता खाता विचारतोय, पण मासा कुठेय? मला वाटलं, आता फिरकत नाही हा. दुसऱ्या दिवशी आला, चहा प्यायला, गेला. संध्याकाळी मी पिठाचा डबा उघडला तर आत बेडूक. तेव्हा कळलं मला, हा आपला आहे.

तुला काय सांगायचं, आपल्या मुलखात असतंच ते. आम्ही झारामो, आमचं आणि सुकुमांचं थट्टेचं नातं. बाप-आज्याच्या आधीपासून. शिव्या घाला, कोंबडी पळवा, मेलास मेलास म्हणून बोंब मारा, समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला. आता हा गोरा, ह्याला कुठली आली जमात? पण पुलाच्या छावणीवरचा आचारी शिगेला सुकुमा आहे. मी म्हटलं, त्याच्या हातचं खातोस ना? मग तूही सुकुमा. झालं, लागला माझा थट्टेचा सोयरा. एकदा विचारतो कसा — बिबी, ह्या नात्यात मी मेलो तर तू काय करायचं? म्हटलं, मग तर माझी चंगळ. सोयऱ्याच्या मयताला आम्हीच पुढे. तुझी टोपी घालीन, तुझ्या खाटेवर लोळीन, तुझ्यासारखी चालून दाखवीन, रडणाऱ्याला रडू देणार नाही. खड्डा मीच खणवीन आणि वरून डबक्यातला चिखल लिंपीन, पुढच्या पावसाला उठशील. किती हसलो आम्ही त्या दिवशी. इथेच, तू बसलायस त्याच बाकावर. तो म्हणाला, शेपूट लाल येईल ना मग माझी?

मातीतून परत उठायला तो काय मासा आहे का रे?

परवा आला. म्हणाला, अंग दुखतंय, छावणीवर जातो, गोळ्या घेतो. मी म्हटलं, बस की, फोडी तळते. बसला. मग उठला तेव्हा — मोटरसायकल? हो, त्याचीच ती झाडाखाली. चालू आहे, काही झालेलं नाही तिला. मग का नाही गेला, का नाही गेला — चावी सापडली नाही म्हणून नाही गेला! कुठे म्हणजे? पिठाच्या डब्यात. आता कळलं ना कुणी टाकली? बेडकाची परतफेड. शोधत होता, हसत होता, कपाळाला घाम सुटला होता, मला वाटलं शोधून शोधून सुटलाय. म्हटलं, रात्रीचा कुठे जातोस, चावी उद्या देते. — असं बघू नकोस माझ्याकडे. सगळं गाव भातावर गेलंय, पाखरं आणि रानडुकरं राखायला. मचाणावरच राहतात, कापणी झाल्याशिवाय परत येत नाहीत. इथे कोण? मी आणि बोकड. बोकड ऐकतो सगळं, पण उलटा टोमणा मारत नाही. एक रात्र राहिला माणूस तर काय बिघडणार होतं? सकाळी चावी हातात दिली, तर मुठीत धरवेना त्याला.

कडुनिंबाचा काढा दिला, ओकला. कपाळावर ओला कपडा ठेवला, तो तव्यावर ठेवल्यासारखा सुकला. काल दिवसभर त्याच्या भाषेत बडबडत होता, मधेच आमच्या भाषेत म्हणतो, बिबी, बरण्यांचं पाणी बदल. दोन नर एका बरणीत ठेवू नकोस, फाडतील एकमेकांना. ह्याचा जीव चाललाय आणि ह्याला माशांची भांडणं! बदललं मी पाणी. एकेक नवरदेव चहाच्या गाळणीने उचलून — तुझा चहा दुसऱ्या गाळणीचा आहे, पी तू. आणि आज पहाटे आचके आले. हातपाय लाकूड, दात घट्ट. नंतर सैल पडला. आता हाक मारली तर बघत नाही. चिमटा काढला, शिवी घातली, बेडूक आणून छातीवर ठेवला — काही नाही. मेल्या म्हणते मी त्याला उठता-बसता. आज तो शब्द तोंडात आला आणि मी जीभच चावली.

केला ना फोन! करणार नाही का? काल सकाळीच केला शिगेलाला. म्हटलं, अरे तुझा गोरा मरायला टेकलाय, गाडी पाठव. तर म्हणतो, का हो सासूबाई, आज कुणी खाल्लं त्याला? गेल्या खेपेला मगरीने खाल्लं होतं, आज हत्तीने का? आणि मागे सगळी छावणी खो खो हसतेय. कारण मीच केलं होतं ते. गेल्या महिन्यात मीच फोन करून रडले होते की मगरीने ओढून नेला. शिगेला पहारी-कोयते घेऊन माणसं भरून आला, गाडी खड्ड्यात घातली, चिखलात लोळत आला, आणि हा इथे बाकावर फोडी खात बसलेला. शिगेला पण हसला शेवटी. हसावंच लागतं, सोयरा ना तो. पण जाताना म्हणाला, म्हातारे, आता तू खरी मेलीस तरी मी येणार नाही. काल मी म्हटलं, शिगेला, तुझ्या आईच्या गळ्याची शपथ, खरं आहे. तो म्हणाला, आई म्हणते, बिबी किदावाला सलाम सांग. ठेवला फोन. परत केला, उचलला नाही. मग माझा फोनच बंद पडला. त्याचा आहे, पण तो त्याच्या बोटाशिवाय उघडत नाही. धरलं मी त्याचं बोट. ओलं होतं घामाने, घेतलं नाही.

काल एकच गाडी गेली. मी रस्त्यात आडवी झाले. ड्रायव्हरने मान बाहेर काढली, म्हणाला, आजी, बोकडाला माझा नमस्कार — आणि बाजूने काढली गाडी.

तू इकडचा नाहीस ना? तोंड नवीन आहे, म्हणून तर तुला एवढं सांगतेय. चालिंझेला दवाखाना आहे, मोठा आहे, सुया आहेत, तू तिकडूनच जाणार. तुझ्या ट्रकातले अननस काही नासत नाहीत तेवढ्यात. नाव काय तुझं? मिहायो. मिहायो... हे नाव कुठलं रे? ताबोराकडचं? म्हणजे तू न्यामवेझी?

या अल्ला.

म्हणजे तूही. तूही सोयराच निघालास. आमच्या किनाऱ्यावर ओझी वाहत आले होते तुमचे आजे-पणजे, तेव्हापासूनचे सोयरे. म्हणजे मी मघापासून जे बोलले ते सगळं — म्हणूनच तू हसत होतास. तुझ्या आईने तुला शिकवलंच असणार, झारामो म्हातारी भेटली की तिचं काही खरं धरायचं नाही. बरोबर शिकवलं तिने. मग मी काय करू सांग? शपथ घेऊ? सगळ्या शपथा मी थट्टेत खर्चून बसलेय. रडून दाखवू? त्या सिमेंटवाल्यासमोर रडलेच होते की, पदरात कांदा धरून, कसले खरे अश्रू होते ते! पाया पडू? पडलेय. मगरीच्या वेळी शिगेलाच्या पाया पडले होते. खरं म्हणून दाखवायला माझ्याजवळ काही उरलंच नाही रे. ते बघ, परत तुझा ओठ हलला. मी बोलले की हसू येतं ना तुला? तोंडच तसं आहे माझं, मेलं. मग एकच राहिलं, जे मी जन्मात केलं नाही, कुणालाही विचार. ही टोपी काढते. हा पडदा उचलून धरते. आणि आता एक शब्द बोलत नाही.

…

कप खाली ठेवलास.

हं. पाय तू धर. चटईसकट उचल, चटईसकट — हळू, मान लोंबतेय त्याची, मान धर. बरण्या पायाखाली येतील, इकडून ये. अननस सरकव. आणखी सरकव. पोतं दे त्याच्या डोक्याखाली. ही टोपी घाल त्याला, पाऊस भुरभुरतोय — तोंडावर नको! तोंडावर नाही ठेवायची. डोक्यावर घाल. नीट. हां, आता तोच दिसतोय.

मी? मी नाही येत. बरण्यांचं पाणी कोण बदलणार? दोन नर आहेत त्यात. आणि ऐक, मिहायो, दवाखान्यात विचारतील कुणी पाठवलं, तर माझं नाव घेऊ नकोस. चालिंझेपर्यंत ओळखतात मला. हसतील, आणि हसण्यात वेळ जाईल. रस्त्यात पडलेला सापडला म्हण.

जा आता. जा!