ढालीवरचा निळा पट्टा

(वाशीममधलं प्रसेनजितचं फ्लेक्स-डिझाईनचं दुकान. संगणकावर गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी काढलेली ढालीच्या आकाराची मुद्रा उघडी आहे. शाळेपासूनचा दोस्त ऋषिकेश महोत्सव समितीचा सचिव. खुर्ची चांगली ऐसपैस असून गडी तिच्या टोकावर बसलाय, समोरचा चहा तसाच. गावाहून जे सांगायचं ठरवून निघाला, ते अजून तोंडातच घोळतंय आणि बाहेर पडतंय ते भलतंच.)

ऋषिकेश : तसं नाई ना गड्या. झकास झाली ढाल. फक्त तो खालचा पट्टा जरा... डोळ्यात येते.

प्रसेनजित : डोळ्यात याले पायजेच. शाळेची मुद्रा हाय ते.

ऋषिकेश : म्हंजे थंडा वाटते. वरतं पिवळा, मधात पांढरा आन् बुडाले एकदम निळा. मॅच नाई होऊन राह्यला.

प्रसेनजित : मॅच? लग्नाची साडी हाय का? वरचा पिवळा तुरीच्या फुलाचा, मधातला पांढरा कापसाचा, खालचा निळा आपल्या गनवेशाचा. मागं तुले पाठवला तवा तूच म्हनला, वा रे पठ्ठ्या.

ऋषिकेश : तवा मोबाईलवर पायला होता.

प्रसेनजित : मोबाईलवर निळा दुसरा दिसते काय?

ऋषिकेश : अबे, तू लय खोलात जातं. जरा बदलून दे, एवढंच सांगाले आलो.

प्रसेनजित : देतो ना. एका क्लिकचं काम. बोल, हिरवा टाकू?

ऋषिकेश : हिरवा नोको. भागवतभाऊ उपाध्यक्ष हायेत. त्याइले हिरवा दिसला का अंगावर काटा येते.

प्रसेनजित : मंग भगवा?

ऋषिकेश : मले चालन. पन मुसलमानाइचे पोरं हायेत शाळेत. त्याइचे मायबाप म्हनतीन, आमाले कायले बलावलं?

प्रसेनजित : पांढराच खालपर्यंत ओढतो.

ऋषिकेश : मंग बंजारा तांड्यातले लालसिंगभाऊ खूश. पोहरादेवीचा झेंडा शाळेवर आला म्हनतीन. बाकीचे तोंड वाकडं करतीन. वरच्या पिवळ्यालेच एक जन म्हनला, भंडारा उधळला का ढालीवर?

प्रसेनजित : गुलाबी?

ऋषिकेश : इलेक्शन जिंकल्यावानी दिसन.

प्रसेनजित : काळा?

ऋषिकेश : निषेध.

प्रसेनजित : बाप्पा बाप्पा! अमरावतीले कॉलेजात आमाले सर शिकवत. विलायतेतल्या जुन्या राजेलोकाइच्या ढालीवर पिवळा म्हंजे दिलदारी, पांढरा म्हंजे साफ मन, निळा म्हंजे इमान. बसून पाठ केलं म्या. पन गावात रंगाले आडनाव असते, हे काही सरनं सांगितलं नाई.

ऋषिकेश : तू बी ना, कुठची गोष्ट कुठी नेतं.

प्रसेनजित : घे. हा पाय. करडा, राखेसारखा. याले आडनाव नाई.

ऋषिकेश : हा... हा बरा हाय. शांत वाटते.

प्रसेनजित : याचा अर्थ काय लिहू? स्मरनिकेत ढालीखाली प्रत्येक रंगाचा अर्थ छापाचा हाय.

ऋषिकेश : लिही ना काही बी. तुले येते.

प्रसेनजित : मले नाई येत. राखेचा अर्थ मी काय लिहू? निळा कायले नोको, ते तू एकदा तोंडानं बोल. मंग पाहू.

ऋषिकेश : तुले माहीत हाय ना गड्या.

प्रसेनजित : मले माहीत हाय. तुया तोंडून आयकाचं हाय.

ऋषिकेश : लोक म्हनतात... आता तुले कसं सांगू... लोक म्हनतात का, जयंतीचा झेंडा दिसते.

प्रसेनजित : निकाल लागला. एवढ्यासाठी चहा थंडा केला का?

ऋषिकेश : राग नोको मानू.

प्रसेनजित : सारी शाळा तू निळी चड्डी घालून शिकला, ऋष्या. तवा कोनाचा झेंडा होता तो? मांडीवर घेऊन फिरत होता ना?

ऋषिकेश : अबे, मी म्हनलो का! बाबा अध्यक्ष हायेत. जुनं मानूस. त्याइच्यापुढं बोलाची कोनाची टाप हाय?

प्रसेनजित : रामरावकाका म्हनले असं?

ऋषिकेश : म्हंजे... त्याइले नाई पटलं.

प्रसेनजित : काकाले?

ऋषिकेश : जाऊ दे ना आता. म्हाताऱ्या मानसाचं काय मनावर घ्याचं.

प्रसेनजित : असं कसं जाऊ दे? परवा भेटले तवा पाठीवर हात ठेवून म्हनले, पोरा, गावाचं नाव काढलं. माह्या मायले म्हनले, चंपाबाई, त्या शाळेची खिचडी शिजवून शिजवून तुमचे हात भाजले, उद्घाटनाले पहिल्या रांगेत बसाचं. मायनं साऱ्या वस्तीत सांगितलं, माह्या पोरानं शाळेची ढाल काढली म्हून. आन् तेच काका मागं असं बोलले?

ऋषिकेश : तोंडावर बोलाचं एक असते, मागून एक.

प्रसेनजित : थांब. त्याइलेच इचारतो.

ऋषिकेश : नोको! पश्या, फोन कायले लावतं? ठेव. अबे, ठेव म्हनतो ना!

प्रसेनजित : हॅलो, काका? नमस्कार. प्रसेनजित बोलतो.

रामराव : जयभीम रे पोरा, जयभीम! मोठ्यानं बोल, मोटर चालू हाय वावरात.

प्रसेनजित : काका, ढालीचा निळा पट्टा तुमाले पसंत नाई म्हनते.

रामराव : कोन म्हनते? काढला का तू? कायले काढला?

प्रसेनजित : अजून ठेवला हाय.

रामराव : राहू दे मंग. म्या मीटिंगमंधीच म्हनलं, गनवेश निळा, ढाल निळी, यात पंचाईत कायची? भागवत जरासा हसला, बस. तर आमचा हिरोच उठला. शाळेच्या ढालीवर जयंती कायले पायजे म्हने. मी सांगतो पश्याले, तो माह्या शब्दाबाहेर नाई म्हने. मले वाटलं, तुमी दोघं दोस्त, तुमचं तुमी निपटवसान. चुकलं माहं. तवाच त्याचा कान धरून खाली बसवाले पायजे होता. आला का तो तुयाकडं?

प्रसेनजित : हाय ना. समोरच बसला.

रामराव : आयकून राह्यला का?

प्रसेनजित : हो. स्पीकर चालू हाय.

रामराव : मंग आयकू दे. ठेवतो.

ऋषिकेश : पश्या...

प्रसेनजित : बोल.

ऋषिकेश : काय बोलू? जमीन फाटाले पायजे होती.

प्रसेनजित : दुकान भाड्याचं हाय. नोको फाडू.

ऋषिकेश : भागवत हसला ना... मले वाटलं, आता मले हसतीन. याचा दोस्त म्हून काम देलं, याचा दोस्त म्हून निळा घुसवला म्हनतीन. कोनी काही म्हनाच्या आंधी मीच म्हनून बसलो. बोलल्यावर सारे हसले, आन् मले बरं वाटलं.

प्रसेनजित : आन् वरून बापावर ढकललं.

ऋषिकेश : लाज वाटली रे. येतानी रस्त्यात गाडी थांबवून उभा राह्यलो. परत फिरावं म्हनलं. तुले तोंड कसं दाखवू? मंग वाटलं, रंग मॅच होत नाई म्हनून सांगू. तू काही इचारनार नाई.

प्रसेनजित : जयंतीचं लागलं, पन ते आमाले सवयीचं हाय. आयकून आयकून कान घट्ट झाले. 'तो माह्या शब्दाबाहेर नाई', हे लागलं.

ऋषिकेश : दोन ठेवून दे कानाखाली.

प्रसेनजित : तुले बरं वाटन त्यानं. मले काय होईन?

ऋषिकेश : निळाच ठेव. सोमवारी मीटिंग हाय, साऱ्याइपुढं उभा राहून सांगतो. मी बोललो ते घान बोललो म्हून. भागवतभाऊच्या डोळ्यात पाहून सांगतो.

प्रसेनजित : पेनड्राइव्ह दे.

ऋषिकेश : हे घे. खरंच सांगतो पश्या, मायची आन.

प्रसेनजित : मायले नोको आनू मधात. हे घे. दोन फायली हायेत. एक निळी, एक करडी.

ऋषिकेश : करडी कायले? म्हनलं ना, निळाच.

प्रसेनजित : इथं म्हनला. इथं आपून दोघंच हाओत. तिथं भागवतभाऊ पुन्हा हसतीन. दुसरी फाईल जवळ नसली त तुई फजिती होईन.

ऋषिकेश : माह्यावर विश्वास नाई राह्यला ना?

प्रसेनजित : चाल, उशीर होईन तुले. काम लवकर होऊन गेलं आपलं.

ऋषिकेश : मीटिंग झाली का लगेच फोन करतो. कोनता रंग पक्का झाला, सांगतो.

प्रसेनजित : रंग नोको सांगू. मायले उद्घाटनाले आनू का नोको, तेवढंच सांगजो.